सोन्याच्या थरावर प्रकाश चालवणे आणि अडकवणे: प्रिझम मांडणीपासून नॅनोकणापर्यंत

लेसर चालू आहे, प्रिझम फिरतो आहे, सोन्याचा थरही चकचकीत दिसतो. पण परावर्तनाच्या आलेखात जो खोल खळगा दिसायला हवा, तो नाही. किंवा आहे, पण इतका उथळ की त्यावरून काहीच सांगता येत नाही. सरफेस प्लाझ्मॉनचा, म्हणजे धातूच्या पृष्ठभागाला चिकटून तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या हेलकाव्यासोबत चालणाऱ्या प्रकाशलहरीचा, प्रयोग करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. ही लहर उठली की प्रकाशाची ऊर्जा तिच्यात जाते आणि त्या कोनात परावर्तन कोसळते, तोच हा खळगा. अडचण अशी, की थराची जाडी चुकली, ध्रुवीकरण चुकले, काच मळकी राहिली किंवा लेसरचा झोत पसरट असला, तरी शेवटी दिसते ते एकच: उथळ खळगा. त्यामुळे शेवटी बसून कारण शोधणे महागात पडते. प्रत्येक टप्प्याची तपासणी त्या टप्प्यावरच उरकायची आणि ती पटल्याखेरीज पुढे जायचे नाही, एवढी एक शिस्त पाळली तर बाकी काम सोपे आहे.

खाली दोन प्रयोग आहेत. पहिल्यात प्रकाश सोन्याच्या सपाट थराच्या पृष्ठभागावरून चालवायचा, दुसऱ्यात तो सोन्याचा आरसा आणि सोन्याचा कण यांच्यामधल्या फटीत अडकवायचा. पहिला जमल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नका.

टप्पा १: आधी गणित, मग लेसर

हवेतून थेट सोन्यावर टाकलेला प्रकाश प्लाझ्मॉन उठवू शकत नाही, मग कोन कोणताही असो. पृष्ठभागाला समांतर असलेला त्याचा तरंगसदिश (ठराविक लांबीत किती लहरी बसतात हे दिशेसह सांगणारी राशी) नेहमी थोडा कमीच पडतो. ६३३ नॅनोमीटरच्या तांबड्या हीलियम-निऑन लेसरसाठी सोन्याचा परावैद्युतांक (प्रकाशाच्या विद्युत क्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो तो आकडा) साधारण वजा ११.७ आहे आणि शोषण दाखवणारा त्याचा काल्पनिक भाग १.२ ते १.३ च्या आसपास. यावरून प्लाझ्मॉनचा तरंगसदिश हवेतल्या प्रकाशाच्या १.०४६ पट निघतो. ही साडेचार टक्क्यांची तूट प्रिझमने भरून काढायची.

प्रिझमच्या बीके-७ या काचेचा अपवर्तनांक या तरंगलांबीला १.५१५ आहे. १.०४६ ला १.५१५ ने भागले की जोडणीच्या कोनाची साइन मिळते, ०.६९. म्हणजे काचेच्या आत ४३.६ अंश. क्रांतिक कोन, ज्याच्या पुढे काचेतला प्रकाश हवेत बाहेर पडत नाही, ४१.३ अंश आहे. खळगा त्याच्या पुढे दोन-अडीच अंशांवर यायला हवा. थराची खरी जाडी धरून बहुथरी फ्रेनेल गणित (प्रत्येक सीमेवरचे परावर्तन जोडून एकूण परावर्तन काढणारे) केले की हा आकडा किंचित सरकतो, पण शोध कुठे घ्यायचा ते ठरते.

हे गणित संगणकावर करताना तीन ठिकाणी लोक घसरतात.

पहिली चूक चिन्हाची. काही पुस्तके काळाचा घातांक वजा धरतात, काही अधिक. त्यानुसार काल्पनिक भागाचे चिन्ह बदलते. एका पुस्तकातले सूत्र आणि दुसऱ्यातला परावैद्युतांक एकत्र केला, तर तुमचे सोने प्रकाश शोषण्याऐवजी निर्माण करू लागते.

दुसरी चूक अपवर्तनांक आणि परावैद्युतांक यांची गल्लत. तक्त्यांत बहुतेकदा अपवर्तनांकाचे दोन भाग दिलेले असतात, ०.१८ आणि ३.४३ असे काहीतरी. त्यांचा वर्ग करायचा असतो, आणि तोही संमिश्र संख्येचा. दोन्ही भागांचे वेगवेगळे वर्ग करून चालत नाही.

तिसरी चूक कोनाची. गणितातला कोन काचेच्या आतला असतो, तुमच्या फिरत्या टेबलावरचा नव्हे. काटकोनी प्रिझममध्ये झोत लहान बाजूतून आत शिरतो. आतला कोन म्हणजे ४५ अंश अधिक अपवर्तनानंतरचा झुकाव. बाहेर टेबल उणे २.१ अंशांवर असेल तेव्हा आत ४३.६ होतात, क्रांतिक कोन बाहेर उणे ५.६ अंशांवर येतो. आतले दोन-सव्वादोन अंश बाहेर साडेतीन होतात. थेट टेबलावरचा कोन आलेखात घातला की खळगा दीडपट रुंद दिसतो, आणि मग बिचाऱ्या सोन्याच्या दर्जावर शंका घेतली जाते.

तपासा: गणिताने दिलेले परावर्तन कुठेही १ च्या वर जात असेल तर चिन्ह चुकले आहे. ५० नॅनोमीटर सोन्यासाठी खळग्याचा तळ शून्याच्या अगदी जवळ आणि अर्ध्या खोलीवरची रुंदी आत मोजून साधारण १ अंश यायला हवी. हे जमेपर्यंत लेसरचे बटण दाबायची गरज नाही.

टप्पा २: काच

साधी पण सपाट, ओरखडे नसलेली स्लाइड घ्या. डिटर्जंट, मग भरपूर शुद्ध पाणी, मग अॅसिटोन, मग आयसोप्रोपॅनॉल, शेवटी कोरडा नायट्रोजन. अॅसिटोन काचेवर वाळू देऊ नका. त्यात विरघळलेली घाण वाळताना परत काचेवरच बसते. अॅसिटोन ओले असतानाच आयसोप्रोपॅनॉल ओतायचे. शक्य असेल तर शेवटी ऑक्सिजन प्लाझ्मा किंवा अतिनील-ओझोनची काही मिनिटे द्या.

पिरान्हा द्रावणाचा सल्ला बऱ्याच जुन्या कृतींमध्ये असतो. सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे हे मिश्रण सेंद्रिय द्रावकाचा अंश मिळाला तरी उसळते, स्फोटही होऊ शकतो. या प्रयोगाला त्याची गरज नाही.

तपासा: स्वच्छ काचेवर पाण्याचा थेंब पसरून पातळ पापुद्रा होतो. थेंब गोल राहिला तर पुन्हा धुवा.

टप्पा ३: सोन्याचा थर

जाडी ४५ ते ५० नॅनोमीटर. यात हयगय चालत नाही, आणि कारण समजून घेण्यासारखे आहे. प्लाझ्मॉनची ऊर्जा दोन वाटांनी जाते: काही सोन्यात उष्णता होऊन मुरते, काही थरातून परत प्रिझममध्ये गळते. या दोन वाटा सारख्या झाल्या की परावर्तित प्रकाश जवळजवळ पूर्ण मावळतो. थर पातळ असेल तर गळती जास्त, जाड असेल तर प्रकाश पलीकडच्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. सोन्याच्या आत या लहरीचे क्षेत्र २८ नॅनोमीटरांत एक-तृतीयांशाच्या जवळ येते, हे लक्षात घेतले की १० नॅनोमीटरची चूक लहान का नाही ते कळते.

सोने काचेला नीट धरत नाही, म्हणून खाली क्रोमियम किंवा टायटॅनियमचा थर देतात. तो २ नॅनोमीटरपेक्षा जाड नको. हे धातू या तरंगलांबीला भरपूर शोषण करतात. ५ नॅनोमीटर क्रोमियम दिलेत तर थर काचेला घट्ट बसेल आणि प्लाझ्मॉन मरेल. फक्त हवेत मोजायचे असेल, पाणी किंवा द्रावणे वाहवायची नसतील, तर हा थर वगळूनही पाहता येते, मात्र मग सोन्याला बोट लावायचे नाही.

निक्षेपण निर्वात बाष्पीभवनाने करा. दाब १० चा उणे ६ वा घात मिलिबार किंवा त्याहून कमी. क्रोमियमनंतर निर्वात न मोडता लगेच सोने. मध्ये हवा शिरली की क्रोमियमवर ऑक्साइड येते आणि सोने पुन्हा सुटू लागते. यंत्रातल्या, जाडी दाखवणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या मापकावर आंधळा विश्वास ठेवू नका. तो स्फटिक जिथे बसला आहे तिथली जाडी सांगतो, नमुन्यावरची नव्हे. एकदा तरी थरावर पायरी काढून प्रोफाइलोमीटरने (पृष्ठभागाचा चढउतार मोजणारे उपकरण) किंवा अणुबल सूक्ष्मदर्शकाने जाडी मोजा आणि दुरुस्ती गुणक ठरवा.

सावधान: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या नमुन्यांना मुलामा देणारे छोटे कोटिंग यंत्र हाताशी असते म्हणून सोने त्यातच चढवण्याचा मोह होतो. त्यातले लक्ष्य, म्हणजे ज्या चकतीतून धातू उडून नमुन्यावर बसतो ती, अनेकदा शुद्ध सोने नसून सोने-पॅलेडियमचे मिश्रण असते. दिसायला चकाकी तशीच, पण पॅलेडियममुळे खळगा पार पसरट होतो. लक्ष्यावरची पट्टी वाचा.

मग चांदी का नाही? कागदावर चांदी सरस आहे. ६३३ नॅनोमीटरला सोन्यावर प्लाझ्मॉन जेमतेम १० मायक्रोमीटर चालतो. चांदीवर त्याच्या काही पट. पण चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, आणि आज घेतलेला आलेख पुढच्या आठवड्यात जुळत नाही. शिकताना सोनेच घ्या. अंतरच हवे असेल तर धातू बदलण्याआधी तरंगलांबी बदलून पाहा: १५५० नॅनोमीटरला सोन्यावरही प्लाझ्मॉन काही शेकडा मायक्रोमीटर जातो. त्याची किंमत अशी की हवेतले त्याचे क्षेत्र सुमारे ३३० नॅनोमीटरांऐवजी अडीच मायक्रोमीटरपर्यंत पसरते. लांब चालणारा प्रकाश सैल धरलेला असतो, घट्ट धरलेला लांब जात नाही. या विषयात सगळीकडे हीच ओढाताण आहे.

तपासा: थर दिव्यासमोर धरा. ५० नॅनोमीटर सोने परावर्तनात पिवळे, पण आरपार पाहिले तर निळसर-हिरवे दिसते. काहीच आरपार येत नसेल तर थर फार जाड आहे. करडी छटा दिसली तर क्रोमियम जास्त झाले किंवा सोने शुद्ध नाही.

टप्पा ४: स्लाइड प्रिझमवर बसवणे

सोने बाहेरच्या बाजूला, कोरी काच प्रिझमकडे. सांगायला बाळबोध वाटते, पण उलटी बसवलेली स्लाइड ही फार वेळा होणारी चूक आहे. सोने प्रिझमकडे आले की तेल सोन्याला लागते आणि बाहेर उरते ती कोरी काच. तेलाचा अपवर्तनांक काचेइतकाच असल्याने प्लाझ्मॉनला लागणारा कोन या प्रिझममधून मिळूच शकत नाही. अशा वेळी खळगा नुसता उथळ होत नाही, तो नसतोच. बाजू ओळखायची असेल तर कोपऱ्यावर मल्टिमीटरचे टोक टेकवा. सोन्याची बाजू वीज वाहते.

प्रिझम आणि काच यांमध्ये १.५१५ अपवर्तनांकाच्या तेलाचा एक छोटा थेंब. एका कडेपासून हळूहळू स्लाइड खाली आणा म्हणजे बुडबुडे कडेला निघून जातात. थेंब मोठा झाला तर तेल कडेवरून चढून सोन्यावर येते, आणि मग तो भाग कामातून गेला. पुसायचा प्रयत्न करू नका, दुसरी स्लाइड घ्या.

तपासा: प्रिझमच्या लहान बाजूतून पाहा. तेल भरलेला भाग एकसंध सोनेरी दिसतो; बुडबुडा असेल तिथे चंदेरी चकाकी येते.

टप्पा ५: ध्रुवीकरण आणि शून्य कोन

लेसर १ ते ५ मिलिवॅटचा पुरे. तरीही परावर्तित झोत टेबलाबरोबर खोलीभर फिरणार आहे, तेव्हा झोताची उंची डोळ्यांच्या खाली ठेवा, अंगठी-घड्याळ काढा, आणि झोत जिथे संपेल तिथे काळा अडथळा लावा.

लेसर तापायला वेळ द्या. अर्धा तास तरी. ध्रुवीकरण न केलेला हीलियम-निऑन लेसर ध्रुवकातून काढला, तर तापताना त्याची तीव्रता सावकाश वरखाली होत राहते आणि ती लाट आलेखात खळग्यासारखी उमटते. रेषीय ध्रुवीकरणाचा लेसर घ्या, किंवा झोत फोडून एक भाग संदर्भ डिटेक्टरवर टाका आणि भागाकार मोजा.

प्लाझ्मॉन फक्त पी-ध्रुवीकरणाला दाद देतो, म्हणजे विद्युत क्षेत्र आपतनाच्या प्रतलात (येणारा आणि परावर्तित झोत ज्या प्रतलात असतात ते) असायला हवे. टेबल उभ्या अक्षाभोवती फिरत असेल तर आपतनाचे प्रतल आडवे असते, म्हणून क्षेत्र आडवे हवे. बरेच लेसर कारखान्यातून उभ्या ध्रुवीकरणाचे येतात आणि तसेच वापरले जातात. अर्ध-तरंग पट्टी आणि त्यापुढे चांगला ध्रुवक लावून दिशा फिरवा. ध्रुवकाच्या कडीवरच्या खुणेवर विसंबू नका.

तपासा: प्रिझमच्या जागी साधी काच ठेवा आणि आपतन कोन ५६.६ अंश करा. हा ब्रूस्टर कोन. ध्रुवक फिरवत जा. ज्या स्थितीत परावर्तन जवळजवळ नाहीसे होते ती पी. खूण करा, आणि पुढे ध्रुवकाला हात लावू नका.

आता शून्य. प्रिझम परत ठेवा आणि त्याच्या लहान बाजूवरून मागे फिरलेला झोत लेसरच्याच छिद्रात जाईल असे टेबल फिरवा. हा बाहेरचा शून्य अंश, आतले ४५. पण मागे फिरलेला प्रकाश लेसरच्या पोकळीत शिरला की तीव्रता अस्थिर होते. म्हणून लेसरपुढे छोटे आयरिस (लहान-मोठे करता येणारे छिद्र) ठेवा आणि परतीचा ठिपका त्याच्या कडेवर जुळवा. स्कॅन करताना शून्याच्या आसपास एखादा बारीक काटा दिसला तर तो प्लाझ्मॉन नव्हे. परतीच्या झोताने केलेला गोंधळ आहे.

टप्पा ६: स्कॅन

प्रिझम जितका फिरेल, त्याच्या दुप्पट डिटेक्टर फिरला पाहिजे. यांत्रिक जोडणी नसेल तर मोठ्या क्षेत्रफळाचा फोटोडायोड घ्या आणि प्रत्येक बिंदूवर ठिपका त्याच्या मध्यावर आणा. झोत डिटेक्टरच्या कडेवरून हळूहळू घसरला तरी आलेख खाली येतो, आणि तो उतार फार विश्वासार्ह दिसतो!

क्रम असा:

१. लेसर झाकून काळोखाचे मोजमाप घ्या.

२. त्याच प्रिझमवर, त्याच ध्रुवीकरणात, सोन्याशिवायची स्लाइड बसवून क्रांतिक कोनापुढचा आलेख घ्या. इथे परावर्तन पूर्ण असते, म्हणून जी घट दिसेल ती प्रिझमच्या बाजूंवरच्या गळतीची. पुढे यानेच भागायचे आहे.

३. सोन्याची स्लाइड बसवा. बाहेरच्या उणे ८ अंशांपासून अधिक ५ पर्यंत, एकाच दिशेने, ०.१ अंश किंवा त्याहून लहान पावलांनी चला. दिशा उलटवली की टेबलाच्या स्क्रूची ढिलाई मध्ये येते आणि खळगा जागा बदलतो.

४. ध्रुवीकरण ९० अंश फिरवून तीच फेरी पुन्हा.

चौथी पायरी लोक वेळ वाचवायला गाळतात. एस-ध्रुवीकरणात, म्हणजे पी ला काटकोनात असलेल्या या ध्रुवीकरणात, खळगा नसायलाच हवा. तिथेही दिसला तर तुम्ही डिटेक्टरची किंवा बुडबुड्याची किमया मोजत आहात.

भिंगाने झोत बारीक करू नका. बारीक केलेल्या झोतात अनेक कोन एकत्र येतात आणि खळग्याचा तळ भरून निघतो. एखाद्या मिलिमीटरचा समांतर झोत उत्तम.

टप्पा ७: आलेख वाचणे

आधी खळग्याकडे पाहू नका. क्रांतिक कोनावरचा बारीक कोपरा शोधा, जिथे परावर्तन जरा चढते आणि मग उतरू लागते. त्याची जागा सोन्यावर अवलंबून नाही. फक्त काच आणि बाहेरचे माध्यम ती ठरवतात. तो ४१.३ अंशांवर नसेल तर तुमचा कोनाचा अक्षच सरकला आहे. तो दुरुस्त करा, आणि मगच पुढे.

आता खळगा. खोली एकटी काही सांगत नाही, रुंदी सोबत घ्या.

उथळ आणि रुंद: थर पातळ आहे. प्लाझ्मॉन उठतो, पण लगेच प्रिझममध्ये गळतो.

उथळ आणि अरुंद: थर जाड आहे. हा खळगा दिसायला सुबक असतो, म्हणून लोक फसतात आणि थराचा दर्जा चांगला म्हणून खूश होतात.

उथळ, रुंद, आणि मोठ्या कोनाकडे सरकलेला: पृष्ठभाग खडबडीत आहे किंवा वर काहीतरी बसले आहे. प्लाझ्मॉनचे क्षेत्र हवेत ३३० नॅनोमीटरपर्यंत जात असल्याने डोळ्याला न दिसणारा तेलाचा, द्रावकाचा पापुद्राही पुरतो.

जागा बरोबर, रुंदी किंचित जास्त, पण तळ शून्याला टेकत नाही: झोत पसरट आहे किंवा ध्रुवीकरणात एस मिसळले आहे. दोन्हींतला फरक सोपा आहे. ध्रुवक एक-दोन अंश हलवा. तळ खाली गेला तर ध्रुवीकरण, नाही तर झोत.

रुंद आणि उथळ, पण जाडी मोजून बरोबर निघते: क्रोमियमकडे किंवा मिश्रधातूकडे संशयाने पाहा.

आलेखावर वक्र बसवून जाडी आणि परावैद्युतांक दोन्ही एकदम काढायचे असतील तर जपून. एकाच आलेखाला वेगवेगळ्या जोड्या जवळजवळ तितक्याच चांगल्या बसतात, आणि सॉफ्टवेअर त्यातली एक निवडून चार दशांश स्थळांपर्यंत ठणकावून सांगते. दोन माध्यमांत किंवा दोन तरंगलांबींना मोजून दोन्ही आलेखांना एकच जाडी लावा. चुकीच्या जोड्या तेव्हाच गळतात. आणि अशी निघालेली जाडी प्रोफाइलोमीटरच्या मापाशी जुळते का, तेही पाहा.

तपासा: कोन खळग्याच्या तळाशी ठेवून सोन्याची बाहेरची बाजू कॅमेऱ्याने टिपा. प्लाझ्मॉन खरोखर चालत असेल तर खडबडीमुळे विखुरलेला तांबडा उजेड तिथे वाढतो आणि कोन हलवताच मावळतो. परावर्तन कमी आणि विखुरण जास्त, दोन्ही एकाच कोनात दिसले की शंका उरत नाही.

टप्पा ८: पाण्यात मोजायचे असेल तर

पाणी आले की खळगा ७० अंशांच्या पुढे जातो. वरच्याच आकड्यांनी गणित केले तर ७२.८ अंश. काटकोनी प्रिझमला त्यासाठी बाहेरून ४५ अंश तिरका झोत द्यावा लागतो. ठिपका ताणला जातो, कडेवर कापला जातो. ६० अंशांचा प्रिझम घेतला तर हाच कोन बाहेरच्या साधारण २० अंशांत मिळतो. अर्धदंडगोल त्याहून सोपा, फक्त झोत त्याच्या अक्षातूनच गेला पाहिजे.

तापमान स्थिर ठेवा. पाण्याचा अपवर्तनांक दर अंश सेल्सिअसला १० च्या उणे ४ व्या घाताइतका बदलतो, आणि ही मांडणी तो बदल सहज पकडते. खळगा सरकला म्हणून सोन्याला रेणू चिकटल्याचा जो आनंद होतो, तो कधीकधी नुसता खोली तापल्याचा असतो.

टप्पा ९: प्रकाश अडकवणे, आरशावरचा कण

इथे फिल्म वेगळी घ्या: १०० नॅनोमीटर किंवा जास्त जाड, आणि शक्य तितकी गुळगुळीत. वरची ५० नॅनोमीटरची फिल्म अर्धवट पारदर्शक असल्याने आरसा म्हणून कच्ची पडते. सर्वांत चांगला पृष्ठभाग सिलिकॉनवर सोने चढवून, वर इपॉक्सीने काच चिकटवून, ती उचकटून मिळतो. सिलिकॉनची गुळगुळ सोन्यावर उतरते. तो वापरायच्या दिवशीच उचकटा.

उघडलेले सोने लगेच सिस्टअमाइनच्या मिलिमोलार इथेनॉल द्रावणात रात्रभर ठेवा. सोन्याला चिकटणारी गंधकाची बाजू खाली, अमाइन वर असा एका रेणूचा थर बसतो. तोच फटीचे अंतर ठरवतो, एक नॅनोमीटरहून कमी. मग इथेनॉलने सढळ हाताने धुवा. अर्धवट धुतलेल्या नमुन्यावर रेणूंचे ढिगारे राहतात आणि प्रत्येक कणाखालची फट निराळी होते.

आता ८० नॅनोमीटरच्या सायट्रेट-स्थिर सोन्याच्या कणांचा थेंब. कण ऋणभारित, अमाइन धनभारित. एक-दोन मिनिटांत पुरेसे कण बसतात. जास्त वेळ ठेवलात तर दाटी होते. पाण्याने धुवा, नायट्रोजनने वाळवा. कणांमध्ये किमान काही मायक्रोमीटर अंतर हवे.

सावधान: कोलॉइड, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या कणांचे हे मिश्रण, वापरण्याआधी त्याचा वर्णपट घ्या. ८० नॅनोमीटरच्या कणांचे शिखर ५५० नॅनोमीटरच्या आसपास एकच असावे. ६५० च्या पुढे शेपूट लांबली असेल तर कण एकमेकांना चिकटले आहेत. चिकटलेल्या जोड्याही तांबड्या रंगात चमकतात, आणि फटीचा परिणाम म्हणून खपून जातात.

डार्क-फील्ड सूक्ष्मदर्शकाखाली (ज्यात फक्त विखुरलेला प्रकाश दिसतो, बाकी काळोख), उच्च संख्यात्मक छिद्राच्या, म्हणजे तिरका प्रकाशही गोळा करणाऱ्या भिंगाने पाहा. फटीतला द्विध्रुव (डोलणारी धन-ऋण विद्युतभारांची जोडी) पृष्ठभागाला लंब असतो आणि सरळ वर प्रकाश टाकत नाही, म्हणून चांगला कण ठिपका न दिसता तांबडे कडे दिसतो. कडे नसलेले कण सोडून द्या. फट एका नॅनोमीटरच्या अंशाने बदलली तरी शिखर दहा-दहा नॅनोमीटरने सरकते; म्हणून एकाच कणाचा वर्णपट हा निष्कर्ष नसतो. बरेच कण मोजून त्यांच्या शिखरांची विभागणी दाखवा.

वर्णपट घेताना कणाशेजारच्या मोकळ्या जागेची पार्श्वभूमी वजा करा आणि पांढऱ्या विखुरकाने भागा. भिंगाचा वर्णदोष विसरू नका: हिरव्याला नीट जुळवलेला फोकस तांबड्याला चुकलेला असतो, त्यामुळे तांबडे शिखर खुजे दिसते. फोकस थोडा वरखाली करत वर्णपटांची मालिका घ्या.

सिम्युलेशनशी तुलना करणार असाल तर जाळी आधी पाहा. ०.८ नॅनोमीटरच्या फटीसाठी २ नॅनोमीटरची जाळी वापरली तर फट संगणकापुरती अस्तित्वातच नसते. फटीत किमान चार-पाच चौकटी हव्यात, आणि जाळी निम्मी केल्यावर शिखर हलता कामा नये. शिवाय खरा कण गुळगुळीत गोल नसतो. त्याला सपाट पैलू असतात आणि तो त्यातल्या एकावर बसतो. गोल कणाचे गणित प्रयोगाशी जुळले नाही तर आधी पैलू घालून पाहा, फटीची जाडी ओढून-ताणून जुळवू नका.

अडकलेला हा प्रकाश साठवून ठेवलेला नसतो. फटीतली लहर जेमतेम दहाएक फेमटोसेकंद टिकते. फायदा काळाचा नाही, जागेचा आहे. त्याच छोट्या जागेमुळे लेसरची तीव्रता जरा वाढवली तरी फट तापते, रेणू हलतात, सोन्याचे अणू सरकतात. कणावर लेसर टाकायचाच असेल तर आधी आणि नंतर डार्क-फील्ड वर्णपट घ्या. शिखर सरकले असेल तर मधले मोजमाप टाकून द्या आणि शक्ती दहापट कमी करून नव्या कणावर सुरुवात करा.